मदत हवी आहे: चीजमधले एन्टेरोकॉकस, जीन आहे पण गुण दिसत नाही

नमस्कार मंडळी. एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टसाठी कच्च्या दुधाच्या, दोन महिने मुरवलेल्या चीजमधून एन्टेरोकॉकस (मुख्यतः आतड्यात राहणारे गोल जिवाणू) वेगळे काढलेत. एकूण 14 आयसोलेट (वेगळे करून वाढवलेले जिवाणू), बाइल एस्क्युलिनवर (एन्टेरोकॉकस ओळखायला वापरतात ते माध्यम) सगळे काळेकुट्ट. इथवर छान चाललं होतं.

पहिला घोळ व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकचा. 30 मायक्रोग्रॅमच्या डिस्कभोवती दोन आयसोलेटचा झोन (जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) 15-16 मिमी येतोय, म्हणजे ना धड संवेदनशील ना प्रतिरोधक. पूर्ण 24 तास ठेवूनच मोजलाय. व्हॅन-ए, व्हॅन-बी या व्हॅन्कोमायसिन-प्रतिरोधाच्या जीनचा पीसीआर निगेटिव्ह. त्यातला एक पिवळसर रंग धरतो, म्हणून कॅसेलिफ्लेव्हसची शंका येते. त्या प्रजातीत व्हॅन-सी जन्मजातच असतं आणि ते सहसा दुसऱ्या जिवाणूकडे जात नाही, त्यामुळे हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. व्हॅन-सीचा पीसीआर आधी करू की एमआयसी (वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण)?

दुसरं म्हणजे, एन्टेरोकॉकस फिकॅलिस प्रजातीच्या तीन आयसोलेटमध्ये जेल-ई (जिलेटिन विरघळवणाऱ्या एन्झाइमचं) जीन सापडलं, पण जिलेटिन वितळतच नाही! एफएसआर ऑपेरॉन (जेल-ई चालू करणारा जीनचा गट) गळालेलं असेल तर असं होतं, असं वाचलंय. हे तपासायला कोणते प्रायमर वापरलेत? की माझं जिलेटिन माध्यमच गंडलंय? (चार तास फ्रीजमध्ये ठेवून पाहिलं, घट्टच.)

सेफॅलोस्पोरिन गटातल्या अँटिबायोटिकच्या डिस्क मी लावल्याच नाहीत, एन्टेरोकॉकस त्यांना मुळातच दाद देत नाहीत. गाइड मात्र तक्त्यात तो रकाना मागताहेत. त्यांना कसं समजावू?