मदत हवी आहे: फंक्शनल ग्रुप ओळखला म्हणजे पदार्थ ओळखला, असं फॉरेन्सिकमध्ये म्हणता येतं का?

मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे फॉरेन्सिकलाच जायचं हे पक्कं आहे, आणि सेमिनारसाठी विषय पण तोच घेतलाय, ऑरगॅनिकमधले फंक्शनल ग्रुप (रेणू कसा वागणार ते ठरवणारे अणूंचे गट) आणि फॉरेन्सिक तपास. अल्कोहोल, फिनॉल, अल्डिहाइड, कीटोन, अमाइन, एस्टर सगळे पाठ आहेत, त्यांच्या टेस्ट प्रॅक्टिकलला हाताने केल्यात, आयआरचे (इन्फ्रारेड स्पेक्ट्रमचे) पीक पण बऱ्यापैकी लक्षात राहतात. पण वाचता वाचता एक गोष्ट डोक्यात बसली ती काही केल्या निघत नाहीये.

अमाइन ग्रुप (नायट्रोजनवाला) कोकेनमध्ये आहे, मॉर्फिनमध्ये आहे, निकोटिनमध्ये आहे, ॲलर्जीच्या साध्या गोळीत पण आहे. मग एखाद्या पावडरीवर रिएजंट टाकलं आणि रंग आला तर त्यावरून नक्की काय सिद्ध झालं? अमाइन आहे एवढंच ना? आणि एवढंच असेल तर तपासाला त्याचा उपयोग काय, कारण कोर्टात "यात अमाइन आहे" असं सांगून कुणाला शिक्षा होणार नाही आणि होऊही नये. दुसरं म्हणजे निनहायड्रिन, बोटांचे ठसे दिसायला लावणारं रसायन. कागदावरचे ठसे जांभळे होतात हे सगळीकडे लिहिलेलं असतं पण अमिनो ॲसिडचा नक्की कुठला भाग त्या रंगात जातो ते कळेल असं कुठे सापडलं नाही.

मला नुसती ग्रुप आणि टेस्टची यादी वाचून दाखवायची नाहीये, ती कुणीही करतं. मला हे समजून घ्यायचंय की लॅबमध्ये काम करणारा माणूस फंक्शनल ग्रुपकडे कशा नजरेने बघतो. कुणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १

मी ड्रग्ज सेक्शनला काम करतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही, म्हणता येत नाही, आणि आम्ही म्हणतही नाही. कलर टेस्टला प्रिझम्प्टिव्ह म्हणजे प्राथमिक टेस्टच म्हणतात. अंमली पदार्थांच्या तपासणीसाठी स्वडरग (SWGDRUG) नावाच्या गटाच्या शिफारशी जगभर वापरल्या जातात, त्यात तंत्रांचे ए, बी, सी असे वर्ग केलेत. आयआर, मास स्पेक्ट्रोमेट्री, एनएमआर, रामन ही रेणूची रचना दाखवणारी तंत्रं ए मध्ये, आणि कलर टेस्ट सगळ्यात खालच्या सी मध्ये. ए मधलं तंत्र वापरलं तरी जोडीला दुसरं स्वतंत्र तंत्र लागतंच, एकट्या रंगावर रिपोर्ट निघत नाही.

कोकेनचंच घ्या. कोबाल्ट थायोसायनेटने निळा रंग येतो, तो येतो कारण कोकेनमधला टर्शरी अमाइन (नायट्रोजनला तीन कार्बन जोडलेला; दोन असतील तर सेकंडरी, एक असेल तर प्रायमरी) कोबाल्टच्या कॉम्प्लेक्सबरोबर जोडी जमवतो. आता टर्शरी अमाइन डायफेनहायड्रामिनमध्ये पण आहे, आणि ते तुम्ही म्हणता तसं ॲलर्जीचं साधं औषध आहे. तेही निळं होऊ शकतं. लिडोकेन पण त्रास देतं, आणि ते तर कोकेनमध्ये भेसळ म्हणून मिसळलेलं सापडतं, म्हणजे बघा किती गुंता.

पण म्हणून टेस्ट निकामी होत नाही. सायमन टेस्ट बघा, सोडियम नायट्रोप्रुसाइड आणि ॲसिटाल्डिहाइडची. सेकंडरी अमाइन असेल तर निळा रंग, प्रायमरी असेल तर नाही. मेथॲम्फेटामिनमध्ये नायट्रोजनवर एक मिथाइल जास्त असल्यामुळे ते सेकंडरी, आणि ॲम्फेटामिन प्रायमरी. एका थेंबात दोघं वेगळे पडतात. एमडीएमए (एक्स्टसी) पण सेकंडरी असल्याने तेही निळं होतं, मग त्याला मेथॲम्फेटामिनपासून वेगळं करायला मार्क्विस ही दुसरी कलर टेस्ट लावायची, तिथे एमडीएमए काळपट जांभळं आणि मेथॲम्फेटामिन नारिंगी-तपकिरी. दोन टेस्ट मिळून संशयितांची यादी लहान होते, आणि माझ्या मते ग्रुपच्या टेस्टचं खरं मोल इथे आहे, ती काय नाही हे जास्त खात्रीने सांगते. सायमन निगेटिव्ह आली तर पुढचा विचार कुठल्या दिशेने करायचा नाही हे ठरतं, आणि टेबलावर ढीगभर सॅम्पल पडलेली असतात तेव्हा ते फार मोठं काम असतं.

प्रतिसाद २

मी टॉक्सिकॉलॉजीत आहे. वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण तू विद्यार्थिनी आहेस म्हणून जरा पुढे जाऊन सांगतो. ग्रुप म्हणजे ओळखपत्र असं धरून चाललीस तर तो कायम अपुराच वाटणार. आम्ही ग्रुपकडे रेणूचा स्वभाव म्हणून बघतो. तो पाण्यात जाणार की तेलकट सॉल्व्हंटमध्ये, रक्तात तुटणार की टिकणार, जीसीमधून (गॅस क्रोमॅटोग्राफीमधून) बाहेर येणार की कॉलममध्येच चिकटून बसणार, हे सगळं ग्रुप ठरवतो. आणि पदार्थ सापडण्याआधी तो शरीरातून, म्हणजे प्रथिनं चरबी पाणी या सगळ्या राड्यातून वेगळा काढावा लागतो ना, तिथेच निम्मी लढाई असते.

याची सुरुवात १८५० ची आहे, सेमिनारला हा किस्सा नक्की घे. बेल्जियममध्ये काउंट बोकार्मे याने आपल्या मेहुण्याला, गुस्ताव फुग्नी याला, निकोटिन देऊन मारलं. त्या काळी वनस्पतीतली विषं प्रेतात शोधायची खात्रीची पद्धतच नव्हती, आर्सेनिकसारखी धातूवर्गी विषं सापडायची पण ही नाही. जाँ सर्व्हे स्टास या केमिस्टने अवयवांतून निकोटिन बाहेर काढून दाखवलं, आणि पूर्ण युक्ती अमाइन ग्रुपवर उभी होती. ॲसिडमध्ये अमाइन प्रोटॉन घेतो, मीठ होतो, पाण्यात राहतो, तेव्हा चरबी वगैरे गाळून बाजूला काढायची. मग अल्कली टाकायची, अमाइन प्रोटॉन सोडतो, मोकळा होतो आणि ईथर घालून हलवलं की ईथरमध्ये उडी मारतो. बोकार्मेला १८५१ मध्ये मृत्युदंड झाला. पद्धतीत पुढे ओटोने सुधारणा केल्या म्हणून ती स्टास-ओटो, आणि आजही आम्ही पीएच बदलून ॲसिडिक आणि बेसिक औषधं वेगळी करतो तेव्हा मूळ तत्त्व तेच असतं. अमाइनची निव्वळ हजेरी काहीच सिद्ध करत नाही हे तुझं म्हणणं बरोबर, पण अमाइनचा हा स्वभाव नसता तर स्टासला निकोटिन हाती लागलंच नसतं.

दुसरं उदाहरण एस्टरचं, आणि मला स्वतःला हे सगळ्यात जास्त आवडतं. हेरॉइन म्हणजे मॉर्फिनच्या दोन्ही ओएचवर ॲसिटाइल बसवलेलं, म्हणजे दोन एस्टर. शरीरात हे एस्टर टिकत नाहीत, फिनॉलवरचा आधी सुटतो आणि ६-मोनोॲसिटाइलमॉर्फिन बनतं, मग दुसरा सुटतो आणि उरतं मॉर्फिन. आता लघवीत नुसतं मॉर्फिन सापडलं तर ते औषध म्हणून दिलेलं मॉर्फिन असेल, कोडीनपासून शरीरात बनलेलं असेल, खसखस खाल्ल्यानेही थोडं येऊ शकतं. पण ६-मोनोॲसिटाइलमॉर्फिन या कशातूनच येत नाही. तो एक उरलेला एस्टर सगळी गोष्ट सांगतो. फक्त तो फार वेळ राहत नाही, काही तासांत जातो, त्यामुळे सॅम्पल कधी घेतलं याला अतोनात महत्त्व.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार, स्वभाव म्हणून बघायचं हे वाचून खूप काही उलगडलं. सर, तुमच्या एस्टरवरून एक शंका, एस्टर शरीरात तुटतो तसा रक्त बाटलीत ठेवल्यावर पण तुटत असणारच ना? एन्झाइम तर रक्तातच असतात. मग लॅबला कसं कळतं की तो माणसाच्या अंगात तुटला की बाटलीत?

प्रतिसाद २

उत्तम प्रश्न, सेमिनारला कुणी विचारायच्या आत तूच स्लाइडवर घाल.

हो, बाटलीत पण तुटतो. कोकेन याचं नेहमीचं उदाहरण, त्यात दोन एस्टर आहेत, एक मिथाइल एस्टर आणि एक बेंझोएट. रक्तातलं कोलिनएस्टरेज बेंझोएट तोडतं तेव्हा एक्गोनिन मिथाइल एस्टर मिळतं, आणि मिथाइल एस्टर तुटला तर बेंझॉइलएक्गोनिन. गंमत अशी की मिथाइल एस्टर तुटायला एन्झाइमच पाहिजे असं नाही, पीएच न्यूट्रल किंवा अल्कलाइन असेल तर तो नुसता पडून पडून पण हायड्रोलाइज होतो, म्हणजे पाण्याने तुटतो. म्हणून रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड टाकतात, त्याने एन्झाइम दबतं, पण नुसत्या केमिकल हायड्रोलिसिसवर फ्लोराइडचा काही इलाज चालत नाही, त्याला थंडी आणि पीएच खाली ठेवणं हेच उपाय. कुठला एस्टर कशाने तुटतो हे कळलं तरच सॅम्पल कसं जपायचं ते ठरवता येतं. आणि तरी आम्ही एकट्या कोकेनच्या आकड्यावर बोलत नाही, तिन्ही मोजतो, सॅम्पल कधी काढलं, कसं आणलं, किती दिवस कुठे होतं हे बघतो, मगच मत देतो. काही वेळा बाटलीत की अंगात हे ठामपणे सांगता येत नाही, तेव्हा रिपोर्टमध्ये तसंच लिहायचं असतं.

प्रतिसाद ३

ठशांचं मी सांगते, माझा तोच विभाग आहे.

निनहायड्रिन १९१० मध्ये रूहेमनने बनवलं, म्हणून त्या जांभळ्या रंगाला रूहेमन्स पर्पल म्हणतात. ठशांसाठी वापरायची कल्पना मात्र १९५४ ची, ओडेन आणि फॉन हॉफस्टेन यांची. घामातल्या अमिनो ॲसिडचा प्रायमरी अमाइन निनहायड्रिनवर हल्ला करतो, पुढे अमिनो ॲसिडचा कार्बॉक्झिल कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, साइड चेनचा भाग अल्डिहाइड म्हणून सुटतो, आणि अमिनो ॲसिडचा फक्त नायट्रोजन मागे राहतो. तो नायट्रोजन दोन निनहायड्रिनच्या सांगाड्यांना मधोमध जोडतो आणि तो जोड म्हणजे जांभळा रंग. म्हणजे तुम्ही विचारलं त्याचं उत्तर, रंगात जातो एकटा नायट्रोजन. त्यामुळेच सेरिन असो की ग्लायसिन, रंग तोच. प्रोलिन सेकंडरी असल्याने वेगळं वागतं, पिवळं होतं.

आता तुमच्या मूळ शंकेशी जोडून बघा. इथे ग्रुपच्या टेस्टने कुठलं अमिनो ॲसिड आहे हे अजिबात कळत नाही आणि कळायची गरजही नाही. कारण माणूस ओळखायचा तो रेषांच्या आकारावरून, केमिस्ट्रीने फक्त रेषा दिसायला लावायच्या. ड्रग्जमध्ये जी टेस्टची मर्यादा तीच इथे चालून जाते, उलट कुणाच्याही घामाला तोच रंग आला पाहिजे ही आमची गरज आहे.

अजून एक, कागद भिजलेला असेल तर निनहायड्रिन वापरत नाही, अमिनो ॲसिड पाण्यात विरघळून वाहून गेलेली असतात. आणि काच, प्लॅस्टिक वगैरेवर सायनोॲक्रिलेटची वाफ देतात. त्यात एकाच कार्बनवर नायट्राइल आणि एस्टर दोन्ही इलेक्ट्रॉन ओढणारे ग्रुप आहेत, त्यामुळे डबल बाँड इतका भुकेला होतो की ठशातल्या पाण्याने, अमाइनने, कार्बॉक्झिलेटने नुसतं टोचलं तरी साखळी सुरू होते आणि रेषांवर पांढरं पॉलिमर चढतं.

प्रतिसाद ४

दारू ओळखणाऱ्या श्वासाच्या टेस्टबद्दल थोडं, कारण सेमिनारमध्ये ते हमखास येतं आणि बहुतेक जण डायक्रोमेटवरच थांबतात.

बोर्केनस्टाइनचं ब्रेथॲलायझर १९५४ चं, त्यात ॲसिडिक डायक्रोमेट नारिंगीचं हिरवं व्हायचं कारण इथेनॉलचं ऑक्सिडेशन. पण मिथेनॉल पण ऑक्सिडाइज होतं, अल्डिहाइड पण. ॲसिटोन कीटोन असल्याने त्या परिस्थितीत जवळपास दाद देत नाही. पुढे आयआर आलं, तिथे ३.४ मायक्रॉनला सी-एच बाँड बघितला तर ॲसिटोनही मोजलं जाऊ शकतं, कारण सी-एच त्यातही आहे, आणि डायबेटिसच्या काही पेशंटच्या श्वासात ॲसिटोन असतं. ९.५ मायक्रॉनला मात्र अल्कोहोलचा सी-ओ सिंगल बाँड दिसतो, तो ॲसिटोनमध्ये नाही. म्हणून दोन वेव्हलेंग्थ एकत्र बघितल्या की भेसळ उघडी पडते. निर्दोष माणूस अडकू नये हे कुठला बाँड मोजायचा या निवडीवर अवलंबून असतं, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि ग्रुपवरून थेट ओळख लागते असंही एक ठिकाण आहे, कपड्याचे धागे. आयआरमध्ये नायलॉनला अमाइड, पॉलिएस्टरला एस्टर, ॲक्रिलिकला नायट्राइलचा पीक २२४० वेव्हनंबरच्या (cm⁻¹) आसपास, तिथे दुसरं फारसं काही येतच नाही. पण नायलॉन ६ आणि नायलॉन ६,६ दोघांतही अमाइडच, आयआर जवळजवळ सारखे, तिथे मेल्टिंग पॉइंट बघावा लागतो, पहिला साधारण २२० डिग्रीला वितळतो, दुसरा २६० च्या जवळ.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप खूप आभार. आता ठरवलंय की यादी करायची नाही, एकच रेणू घेऊन त्याच्यामागे शेवटपर्यंत जायचं. हेरॉइन घेते. एक तपासून सांगाल का सर, फेरिक क्लोराइडची टेस्ट मोकळ्या फिनॉलला रंग देते, म्हणजे मॉर्फिनला रंग यायला पाहिजे, हेरॉइनला नाही कारण फिनॉल ॲसिटाइलने झाकलंय, आणि कोडीनला पण नाही कारण तिथे मिथाइल ईथर आहे. बरोबर?

प्रतिसाद २

अगदी बरोबर. त्यात एक जोड घाल: ६-मोनोॲसिटाइलमॉर्फिनमध्ये फिनॉल मोकळा झालेला असतो, त्यामुळे फेरिक क्लोराइड त्याला आणि मॉर्फिनला वेगळं करू शकणार नाही. तिथे मास स्पेक्ट्रोमेट्रीच. रेणुभार बघ, हेरॉइन ३६९, एक ॲसिटाइल गेलं की ३२७, दुसरं गेलं की २८५. दर पायरीला ४२ कमी. आणि मॉर्फिन जीसीवर चढवण्याआधी त्याचे ओएच सिलाइल करून (सिलिकॉनवाला गट लावून) झाकावे लागतात, नाहीतर ते कॉलमला चिकटतं, ते पण त्याच स्लाइडवर दाखव.