१८१८ की १८७८? पेठ-सुरगाण्याचं जंगल लोकांच्या हातून कधी गेलं

दमणगंगा-काठ: पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये नाशिक इंग्रजांकडे गेलं. पण त्र्यंबक, पेठ, सुरगाणा पट्ट्यातल्या कोकणा, महादेव कोळी, वारली लोकांचा जंगलावरचा हक्क नेमका कोणत्या कायद्याने गेला? सामूहिक वनहक्क दाव्याला (२००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाने मिळून करायचा दावा) जुने कागद कितपत चालतात?

राबनागली: १८१८ नंतर आधी फटका बसला तो गडकऱ्यांना आणि कोळी नाईकांना. किल्ल्यांची शिबंदी (राखणीचं सैन्य) मोडली, राखणीचे हक्क आटले. रामजी आणि पुढे राघोजी भांगरे यांच्या बंडामागे हे होतं, आणि सावकारीही. राघोजींना १८४८ मध्ये ठाण्याला फाशी दिली.

जंगलाचं मात्र १८६५ आणि खरं तर १८७८ च्या कायद्याने झालं. पद्धत अशी: सरकार अधिसूचना काढणार, किमान तीन महिन्यांची मुदत देणार, ज्याचा दावा आला नाही त्याचा हक्क संपला. डोंगरातल्या पाड्यावर ती नोटीस वाचणार कोण! जे उरलं ते ‘हक्क’ म्हणून नव्हे, ‘सवलत’ म्हणून. आणि सवलत काढून घेता येते.

शेतीला सगळ्यात जास्त लागला तो टहाळाचा, म्हणजे तोडलेल्या पानांसकट फांद्यांचा प्रश्न. राबाला (रोपं तयार करायच्या जागेला) शेण, फांद्या, पालापाचोळा, वर माती असे थर रचून पावसाआधी जाळतात. त्या आचेने तणाचं बी मरतं, राखेने रोप जोमाने येतं. टहाळ तोडायला बंदी आली की नागली-वरीचं रोपच खुरटतं. ठाणे-कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांकडच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला.

जुनं_दप्तर: वरच्या उत्तरात एक भर. पेठ आणि सुरगाणा एका मापाने मोजू नका. पेठ संस्थान तिथल्या राज्यकर्त्या बेगमेच्या मृत्यूनंतर १८७८ मध्येच खालसा झालं, सुरगाणा मात्र १९४८ पर्यंत संस्थान होतं. म्हणजे सुरगाण्याच्या गावाने फक्त इंग्रजी वनखात्याचे कागद शोधून भागणार नाही, संस्थानी दप्तरही बघावं लागेल. वनहक्क कायद्याच्या नियमांतल्या नियम १३ मध्ये संस्थानचे अभिलेख पुरावा म्हणून स्पष्ट लिहिलेले आहेत. गॅझेटियरही चालतं, नाशिकचं १८८३ चं आहे.

पाडा-सभा: इतिहास जोडा, पण त्याच्यावर दावा उभा करू नका. अनुसूचित जमातीला १३ डिसेंबर २००५ आधीपासूनचं वास्तव्य आणि जंगलावरची उपजीविका दाखवायची असते. तीन पिढ्यांची (७५ वर्षं) अट इतर पारंपरिक वननिवासींना. पुरावे किमान दोन, वेगवेगळ्या प्रकारचे: एक कागद आणि एक जमिनीवरची खूण (देवराई, मसणवटा, जुनी विहीर, बांध) ही जोडी भक्कम. दावेदार सोडून दुसऱ्या वयस्करांचा जबाब लेखी घ्या.

चराई-मोहाचा हक्क आणि जंगल राखण्याचा हक्क यांचे नमुने वेगळे आहेत. बरीच गावं पहिलाच भरतात, मग व्यवस्थापन हातात येत नाही. स्थळपाहणीआधी वनखात्याला लेखी कळवून पोच घ्या. ठरावाच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. सह्या कमी पडल्या की तिथेच अडतं.

उपग्रह-चित्रात काही दिसत नाही एवढ्यावर दावा फेटाळला, तर नियम १२-अ दाखवा: चित्र पूरक आहे, इतर पुराव्यांना पर्याय नाही. फेटाळण्याचं कारण लेखी मागा, अपिलाला ६० दिवस आहेत.

दमणगंगा-काठ: गाव सुरगाण्यातलंच आहे. म्हणजे आधी संस्थानी दप्तर.