मदत हवी आहे: ३९-अ खालच्या झोनबदलाला चर्चच्या गटामार्फत हरकत घ्यायची आहे, नेमकं काय आणि कसं करावं?

केवडा_तिसवाडी

गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यातल्या एका गावासाठी विचारते आहे. सड्यावरची (डोंगरमाथ्याच्या पठारावरची) साधारण १८,००० चौरस मीटर जमीन प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये 'ऑर्चर्ड' (बागायत) आहे. ती 'सेटलमेंट' (वस्तीसाठी) करण्याची नोटीस राजपत्रात आली आहे, नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९-अ खाली. हरकतींना ३० दिवस. सड्याच्या पायथ्याला बारमाही झर आहे, त्यावर वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या भाताची) शेती होते आणि त्याखाली खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन).

गावातल्या चर्चच्या सामाजिक न्याय गटाने पुढाकार घेतला आहे. फादर मिसेनंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) घोषणा करायला तयार आहेत. गटाची पत्रकं रोमी (रोमन लिपीतल्या) कोकणीत असतात. गावात मराठी वाचणारी घरंही बरीच, म्हणून मराठी पत्रक आणि हरकतीचा मसुदा माझ्याकडे आला आहे. हरकतीत काय असायला हवं? हजारभर सह्यांचं एकच निवेदन चालेल का? आणि चर्चच्या लेटरहेडवर पत्र दिलं तर फायदा की तोटा? हरकत मराठीत देता येते का, हेही सांगा.

नकाशावाला

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार कोकणी राजभाषा असली, तरी शासकीय कामकाजात मराठीही वापरता येते. मराठीत खुशाल द्या. फक्त सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ आणि झोनची नावं नोटिशीत आहेत तशीच उतरवा.

हजार सह्यांचं एकच निवेदन म्हणजे कागदावर एकच हरकत, आणि तिला एका ओळीत उत्तर देता येतं. छापील मजकुराखाली नुसतं नाव बदललेले दोनशे अर्ज गेले, तरी तेही एकत्र गुंडाळले जातात. त्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांच्या वीस-पंचवीस हरकती द्या: झरीखाली शेती असलेल्याची पाण्यावर, वाटेवर घर असलेल्याची रस्त्याच्या रुंदीवर, खाजनाच्या कूळ संघटनेची गाळ आणि सांडपाण्यावर. सह्यांचं निवेदन त्यांच्या जोडीला असू द्या.

आता आकड्यांकडे. 'गावावर ताण येईल' एवढं लिहून भागत नाही, हिशेब मांडा. एफएआर (जमिनीच्या प्रमाणात किती टक्के बांधकाम चालतं तो आकडा) ६० धरला तर १८,००० चौ.मी.वर जास्तीत जास्त १०,८०० चौ.मी. बांधकाम (रस्ते आणि मोकळी जागा वजा केल्यावर कमी भरेल, तसं स्पष्ट लिहा). १०० चौ.मी.ला एक फ्लॅट म्हटला तर १०८ फ्लॅट, घरटी चार माणसं म्हणजे ४३२. शहरी मानकाप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे ५८,३२० लिटर पाणी. दहा हजार लिटरचे जवळजवळ सहा टँकर, रोज. त्याच्या ८० टक्के सांडपाणी धरा, सुमारे ४६,६०० लिटर. हे सड्यावरच्या जांभ्यात सोकपिटात (शोषखड्ड्यात) सोडलं तर उतरणार कुठे? झरीत. आता गावाला नळाचं पाणी दिवसातून किती तास येतं, तो आकडा याच्या शेजारी लिहा. तुमच्या अर्जातला सगळ्यात जड परिच्छेद हाच.

दुसरं, उतार. २५ टक्क्यांहून जास्त उतार प्रादेशिक आराखड्यात 'ना-विकास' धरला आहे. १:५,००० च्या नकाशावर ५ मीटर अंतराच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) असतील, तर दोन रेषांमधलं अंतर ४ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २० मीटर. २० मीटरात ५ मीटर चढ म्हणजे बरोबर २५ टक्के. जिथे रेषा ४ मिमीपेक्षा जवळ येतात तो भाग लाल पेन्सिलीने रंगवून जोडा. सडा वरून सपाट दिसतो, पण सर्व्हे क्रमांकाची कड उतारावर गेलेली असते, आणि रस्ता काढायची वेळ आली की तिथेच डोंगर कापला जातो. डोंगरकापणी आणि सखल जमिनीतला भराव यांना कलम १७-अ ची वेगळी परवानगी लागते, तेही नमूद करा.

कुळागर

वरच्याला पूर्ण सहमती. त्यात खाजगी वनाची भर घालते. गोव्यात निकष तीन: सलग ५ हेक्टर, छत्र घनता (झाडांच्या माथ्यांनी झाकलेला भाग) ०.४, आणि ७५ टक्के झाडं वनप्रजातींची. तुमची जमीन १.८ हेक्टर, एकटी बसणार नाही. पण शेजारच्या सर्व्हे क्रमांकांत तेच रान पसरलेलं असेल तर सलग क्षेत्र मोजायला हवं. वनखात्याकडून पाहणी झाल्याशिवाय झोन बदलू नये अशी मागणी करा. नुसतं 'इथे जंगल आहे' म्हणू नका; किंदळ, माट्टी, खैर अशी झाडांची नावं द्या, फोटोवर तारीख असू द्या.

पंचायतीच्या जैवविविधता समितीची लोक जैवविविधता नोंदवही असेल तर त्यातली संबंधित पानं साक्षांकित करून जोडा. नसेल तर समितीला पत्र देऊन नोंद करायला लावा.

ग्रामसभा: नियमित सभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरात. ३० दिवसांत त्यातली सभा येत नसेल तर खास सभेची मागणी सरपंचांकडे आजच लेखी द्या. ठराव आयत्या वेळी तोंडी मांडला की इतिवृत्तात 'ग्रामस्थांनी चिंता व्यक्त केली' एवढंच उरतं. म्हणून ठराव शब्दशः लिहून, सूचक-अनुमोदकाच्या सह्यांनिशी आधी द्या आणि सभेत वाचून घ्या. ठराव सरकारवर बंधनकारक नाही, पण पुढे न्यायालयात तो मोठा आधार ठरतो. इतिवृत्ताची प्रमाणित प्रत हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

मांडवीकाठ

चर्चच्या भूमिकेबद्दल लिहितो, कारण तिथेच गफलत होते.

गोव्यात हे नवीन नाही. प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध गोवा बचाव अभियान उभं राहिलं तेव्हा चर्चचं बळ त्यामागे होतं, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने तो मागे घेतला. आर्चडायोसिसचं (गोव्यातल्या चर्चच्या धर्मप्रांताचं) सामाजिक न्याय आणि शांती मंडळ मोलेच्या जंगलातल्या तीन प्रकल्पांवरही बोललं. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' परिपत्राचा १८३ वा परिच्छेद फादरांना दाखवा. पर्यावरणीय परिणामांचा विचार प्रकल्प ठरल्यावर नव्हे, सुरुवातीपासून व्हावा आणि चर्चेत स्थानिकांना खास स्थान असावं, असा त्याचा आशय आहे. घोषणेला एवढा आधार पुरे.

पण चर्चचं पत्र म्हणजे हरकत नव्हे. चर्चची खरी ताकद वेगळी आहे: वाड्यावाड्यात पोचलेलं जाळं आणि दर रविवारी एकत्र येणारी माणसं. ३० दिवसांत रविवार चारच, फार तर पाच. राजपत्र सहसा गुरुवारी निघतं, म्हणजे पहिला रविवार तिसऱ्याच दिवशी. तो माहिती द्यायला वापरा, दुसरा आणि तिसरा मिसेनंतर टेबल मांडून हरकती भरून घ्यायला. चौथ्याची वाट पाहू नका, कारण कागद तपासून कार्यालयात द्यायला कामाचे दिवस लागतात. शनिवार संध्याकाळची मिसा विसरू नका. घोषणा तीन ओळींची: सर्व्हे क्रमांक, शेवटची तारीख, टेबल कुठे. प्रवचनात घालू नका, लोक भारावतात आणि अर्ज न भरता घरी जातात.

लेटरहेड वापरायचं तर कारण हवं. सड्याच्या पायथ्याला फाब्रिकेची (चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्या मंडळाची) जमीन किंवा विहीर असेल तर फाब्रिका बाधित मालक म्हणून स्वतंत्र हरकत देऊ शकते, एक-चौदाचा (जमिनीच्या हक्क-नोंदीचा) उतारा जोडून. नसेल तर फादरांनी गावचे रहिवासी म्हणून स्वतःच्या नावाने द्यावी. देवस्थान समिती आणि कोमुनिदाद (गावची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) यांच्याही हरकती त्याच दिवशी जाऊ द्या. 'हा एका धर्माचा विरोध' हे म्हणणं मग टिकत नाही.

दोन पथ्यं पाळाच. टेबलावर कुठल्याही उमेदवाराचं किंवा पक्षाचं नाव नको. धर्माच्या नावाने मत मागणं निवडणूक कायद्यात भ्रष्ट आचरण आहे. आणि परदेशी देणग्यांच्या खात्यातून वकील किंवा छपाईचा खर्च करू नका. त्यासाठी वेगळी स्थानिक वर्गणी, वेगळी पावती.

केवडा_तिसवाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. हिशेबाचा परिच्छेद तसाच घेते. एक अडचण: एका पंचाचं म्हणणं, चर्चने आधी स्वतःच्या जमिनींचं बघावं. याला उत्तर काय द्यायचं?

मांडवीकाठ

उत्तर देऊ नका, काम करा, कारण प्रश्न रास्त आहे. फाब्रिका आणि कोन्फ्रारियांच्या (चर्चमधल्या भाविक संघांच्या) नावावरच्या सर्व्हे क्रमांकांची यादी काढा आणि प्रत्येकासमोर झोन आणि सध्याचा वापर लिहा. हॉल बांधताना भराव घातला आहे का, पार्किंगच्या पेव्हर्समुळे पावसाचं पाणी कुठे वळलं, फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) कचरा कुठे जातो, हेही त्यात हवं. सापडेल ते गटाच्या बैठकीत मांडून दुरुस्त करा. आपली शेतजमीन आणि ऑर्चर्ड झोनबदलासाठी देणार नाही, असा फाब्रिकेने ठराव केला तर तो ग्रामसभेत वाचून दाखवता येईल.

शिरस्ता

कागदांचं सांगतो. हरकत पणजीला मुख्य नगरनियोजकांच्या कार्यालयात दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. ईमेल पाठवा, पण केवळ त्यावर विसंबू नका. प्रत्येक हरकतीत 'मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी' हे वाक्य घाला.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्क: अर्जदाराचा प्रस्ताव, जोडलेले आराखडे, स्थळपाहणी अहवाल, फाइलवरील शेरे. 'सर्व कागद द्या' असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं. माहितीसाठीही ३० दिवसच असल्यामुळे ती हरकतीच्या मुदतीत मिळेल असं धरू नका. फाइलची पाहणी करू देण्याची मागणीही लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

हरकती डावलून बदल अधिसूचित झाला तर कुठे जायचं, यात बरेच जण चुकतात. हरित न्यायाधिकरण ज्या कायद्यांखालची प्रकरणं ऐकतं त्यांच्या परिशिष्टात नगरनियोजन कायदा नाही. निव्वळ झोनबदलाला आव्हान द्यायचं तर उच्च न्यायालयात, पर्वरीला. कलम १७(२) खालचे झोनबदलाचे नियम १३ मार्च २०२५ रोजी तिथेच रद्द झाले. ३९-अ लाही आव्हान दिलेलं आहे, तेव्हा तुमच्या हरकतीत त्या याचिकेचा उल्लेख असू द्या. खाजनात भराव पडला, सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्राचा नियम) मोडला किंवा वनजमिनीला हात लागला, तर मात्र हरित न्यायाधिकरणाचं पुण्याचं पीठ. मुदत कारण घडल्यापासून ६ महिने, फार तर आणखी ६० दिवस. म्हणून झरीचा प्रवाह, विहिरींची पातळी आणि मानशीजवळचं (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराजवळचं) पाणी यांच्या नोंदी आतापासून दर पंधरा दिवसांनी ठेवा: बादली भरायला किती सेकंद लागतात, काठापासून पाणी किती खाली, आणि त्या दिवशीचा फोटो. यंत्रं आल्यावर सुरू केलेल्या नोंदींना आधीचं काही दाखवता येत नाही.