मदत हवी आहे: कॉलेजबरोबर करार झाला, काम काही होईना

शिरोलीकर
जरा लवकर सांगा. शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) आहे. साच्यांची वापरून झालेली वाळू शेडमागं साठलीय, टाकायला जागा नाही. गेल्या दिवाळीआधी एका इंजिनिअरिंग कॉलेजशी सामंजस्य करार केला. शाल-नारळ, पेपरात फोटो, सगळं झालं. या वाळूचे पेव्हर ब्लॉक होतात का, एवढंच बघून द्यायचं होतं. फोन केला की ‘परीक्षा चालू आहेत’, नंतर ‘नॅकची टीम येणार आहे’ (कॉलेजला दर्जा देणारी). वर सर म्हणतात, निकालावर शोधनिबंध छापणार. म्हणजे पैसा माझा आणि फॉर्म्युला गावाला? करार मोडू का? दुसरं चांगलं कॉलेज सुचवा.

भट्टीराजा
वाळू कसली? ग्रीन सँड, रेझिनची की सिलिकेटची? पैसे किती दिले? करारात लिहिलंय काय?

शिरोलीकर
वाळू म्हणजे फाउंड्रीची वाळू हो. पैसे अजून दिले नाहीत, मागितले की देणारच. करार दोन पानी आहे, ‘परस्पर सहकार्य, औद्योगिक भेटी, संयुक्त संशोधन’ वगैरे.

मास्तर_सांगली
पैसे नाहीत, नेमका प्रश्न लिहून दिलेला नाही, मग सरांनी सुरुवात कुठून करायची? असले सामंजस्य करार आमच्याकडं कपाटभर आहेत. नॅकच्या फाइलला उपयोगी पडतात, बाकी त्यातून कुणावर काही बंधन येत नाही. कामासाठी प्रकल्पाचा वेगळा करार करावा लागतो. कंपनीकडून कोण, कॉलेजकडून कोण, नमुने कोण पोचवणार, कुठल्या टप्प्याला किती पैसे, मध्येच काम थांबलं तर काय, हे सगळं त्यात येतं. आणि शेवटच्या वर्षाच्या पोरांवर टाकू नका, मे महिन्यात ती पांगतात. एम.टेक.चा विद्यार्थी घ्या, त्याला प्रबंध पुरा करायचाच असतो.

शोधनिबंधाला सरसकट नाही म्हणू नका. प्राध्यापकाची बढती त्यावर असते, तेवढं काढून घेतलंत तर तुमच्या वाळूला हात कोण लावेल? मसुदा छापायच्या 30 दिवस आधी तुम्हाला दाखवायचा आणि मिश्रणाचं नेमकं प्रमाण गाळायचं, असं कलम घाला.

पेटंटवाला
थांबा! आधी छापलं तर नावीन्य गेलं, पेटंट विसरा. तात्पुरता अर्ज टाका, पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. 2021 पासून शिक्षणसंस्थांना पेटंटच्या फीमध्ये 80 टक्के सवलत आहे, तेव्हा अर्ज कॉलेजच्या नावानं टाका.

भट्टीराजा
आणि मालकी कॉलेजची! फीचे पैसे वाचवायला घर दुसऱ्याच्या नावावर करायचं होय? शिवाय फाउंड्रीच्या वाळूचे ब्लॉक परदेशात आणि आपल्याकडं कधीचे करून झालेत. पेटंट कशाचं घेणार, ढिगाऱ्याचं?

पेटंटवाला
प्रक्रियेचं घेता येतं. अभ्यास वाढवा.

पुणेकर_निवृत्त
गावातल्या कॉलेजांत वेळ घालवू नका. सरळ पुण्याला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), नाहीतर मुंबईची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) गाठा. आयसीटी म्हणजे 1933 सालची जुनी यूडीसीटी. कंपन्यांचे प्रश्न सोडवणं तिथल्या प्राध्यापकांच्या अंगवळणी पडलेलं आहे. आमच्या रंगाच्या कारखान्याचं काम तिथूनच झालं.

मास्तर_सांगली
काका, ती रसायनाची माणसं. ब्लॉक दाबून फोडायला सिव्हिलची लॅब लागते.

पुणेकर_निवृत्त
वाळूत रसायनं नसतात का?

सीए_मिरज
करसवलत बघून संशोधन करणार असाल तर ऐका. 1961 च्या आयकर कायद्यात कलम 35(2एबी) खाली कंपनीच्या स्वतःच्या संशोधन खर्चावर पूर्वी 150 टक्के वजावट होती, 2020-21 पासून ती 100 टक्केच झाली. सल्लासेवेवर 18 टक्के जीएसटी. त्याच कायद्याच्या कलम 35 खाली अधिसूचित संस्थेला संशोधनासाठी अनुदान दिलं तर ऑक्टोबर 2024 पासून जीएसटी माफ आहे, तेव्हा कागदावर काय शब्द घालताय ते बघा.

शिरोलीकर
कराचं मी विचारलंच नव्हतं. पण बरं झालं.

मास्तर_सांगली
खरं तर तुम्हाला पहिल्या झटक्याला संशोधन नकोच आहे, चाचणी हवी आहे. वाळूतली माती किती, तापवल्यावर वजन किती घटतं, ब्लॉकमध्ये वेगवेगळ्या प्रमाणात घातल्यावर 28 दिवसांनी ताकद किती येते. आयएस 15658 (पेव्हर ब्लॉकचं भारतीय मानक) प्रमाणे तपासून घ्या. कॉलेजच्या टेस्टिंग-कन्सल्टन्सी विभागात फी भरा, शिक्क्याचा रिपोर्ट मिळेल. त्याला ना पेटंट लागतं ना शोधनिबंध. ताकद कमी आली तर ती कशी वाढवायची, तिथून संशोधन सुरू होतं. पण वाळू कसली हे अजून सांगितलं नाहीत.

शिरोलीकर
शॉपमधून विचारून आलो. साचे ग्रीन सँडचे. कोअर (पोकळीसाठी साच्यात बसवायचे वाळूचे गाभे) काही शेलचे, काही सीओटूचे. सगळं एकाच ढिगात पडतं.

भट्टीराजा
घ्या! ग्रीन सँडमध्ये बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी, शेलमध्ये फिनॉलिक रेझिन, सीओटूत सोडियम सिलिकेट. अशा ढिगातला आजचा नमुना उद्याच्या नमुन्याशी जुळणार नाही. कुणी पीएचडी केली तरी निकाल त्या पोत्यापुरताच. कॉलेज बदलून काय होणार? आधी शेकआउटपाशी, म्हणजे साचे फोडून माल काढता तिथं, कोअरचे तुकडे वेगळे काढायला माणूस लावा. रेझिनची वाळू उघड्यावर पावसात ठेवू नका, प्रदूषण मंडळाचा साहेब आला तर ब्लॉक राहतील बाजूला.

शिरोलीकर
माणूस लावायचा म्हणजे परत खर्च. बरं, सोमवारपासून दोन ढीग करतो. मास्तर, ते 30 दिवसांचं कलम मराठीत लिहिलं तर चालतं का इंग्रजीतच लागतं?

ऊसवाला_वारणा
धागा पळवत नाही, पण आमच्याकडं बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख भरपूर पडून आहे. ती पण ब्लॉकमध्ये घालता येईल का? फुकट देतो, वाहतूक तुमची.