वॅगनआरचे मागचे ड्रम ब्रेक – फक्त लायनर बदलू की ड्रम, सिलिंडर सगळंच? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गाडी २०१३ची वॅगनआर एलएक्सआय पेट्रोल, ९२ हजार किमीच्या आसपास चाललीये, चिपळूणला असते. पुढचे डिस्क पॅड मागच्या वर्षीच बदललेत त्यामुळे पुढचं टेन्शन नाही, प्रश्न मागच्या ड्रमचा आहे आणि घाईचा आहे, कारण आईला तपासणीला कराडला न्यावं लागतं म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. पावसात धुक्यात तो घाट उतरताना ब्रेकबद्दल मनात शंका असलेली मला अजिबात नकोय.

झालंय असं की हँडब्रेक पार वरपर्यंत ओढावा लागत होता. गॅरेजवाल्याने केबल टाइट करून दिली, थोडे दिवस बरं वाटलं आणि परत तेच. मग ब्रेक ऑइलच्या डबीतली लेव्हल हळूहळू खाली जाताना दिसली आणि मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओला डाग. दुसऱ्या मेकॅनिकला सांगून दोन्ही ड्रम उघडायला लावले. डावीकडचा व्हील सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक शू ड्रमवर ढकलतो तो) गळतोय, रबरी टोपी मागे सारली तर आत तेल साचलेलं, आणि एका शूवर ते तेल उतरलंय. उजवीकडे कोरडं आहे पण लायनर (शूवरचा घासणारा थर) दोन्हीकडे संपत आलेत, एका शूवर जेमतेम दीड मिमी राहिलाय. डाव्या ड्रमच्या कडेला चांगली धार आलीये आणि आत चऱ्या पडल्यात, बोट फिरवलं की लागतात.

ड्रमवर मॅक्स १८२ असं कोरलेलं आहे, म्हणजे झिजून आतला व्यास जास्तीत जास्त १८२ मिमी चालतो. लेथवाल्याकडे मापून घेतलं तर डावा १८१.४ आणि उजवा १८०.६ भरला. तो म्हणतो फेसिंग करून देतो (ड्रम आतून लेथवर कापून गुळगुळीत), एकदम नव्यासारखे होतील. मेकॅनिक म्हणतो ड्रमला काही करू नको, फक्त लायनर टाक, सिलिंडरला वॉशर किट (फक्त आतली रबरं नवीन) टाकू, स्वस्तात काम होईल, आणि तेल लागलेला शू पेट्रोलने धुतला तरी चालतो. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्यावर मी कुणाचं ऐकू? पैसे वाचले तर हवेच आहेत, पण ब्रेकमध्ये वाचवून नकोत.

म्हणून विचारतेय: डाव्या ड्रमचं फेसिंग करायचं की नवीन घ्यायचा, आणि नवीन घेतला तर एकच की जोडी? सिलिंडरला किट की पूर्ण सिलिंडर? आणि शू कुठले घेऊ, दुकानदाराकडे मारुतीचे ओरिजिनल, टीव्हीएस गर्लिंग, राणे आणि एक बिननावाचा पांढऱ्या खोक्यातला असे चार प्रकार आहेत. ज्यांनी स्वतः हे काम केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद:
ताई, आधी महत्त्वाचं. तेल लागलेला शू परत वापरू देऊ नका, पेट्रोलने धुतला काय नि गॅसवर जाळला काय, लायनरमध्ये मुरलेलं तेल ब्रेक तापला की परत वर येतं आणि मग ते चाक कधी कमी धरतं कधी एकदम पकडतं, ओल्या रस्त्यावर मागचं चाक असं पकडलं की गाडी आडवी होते. शू चारही एकदम बदला, म्हणजे दोन्ही चाकांचे, एकाच कंपनीचे.

ड्रमचं म्हणाल तर १८१.४ वर फेसिंग करणं म्हणजे पैसे पाण्यात. चऱ्या निघेपर्यंत तो १८२ला टेकणार, मग झिजायला काही उरतच नाही. शिवाय नवीन शूची गोलाई नव्या, १८०च्या ड्रमला धरून असते, मोठ्या ड्रममध्ये तो फक्त मधोमध टेकतो, कडा मोकळ्या राहतात आणि बसायला फार वेळ घेतो. मी असतो तर दोन्ही ड्रम नवीन घेतले असते. दुकानात विचारा की ड्रम बेअरिंगसकट येतो का बेअरिंग वेगळं, काही गाड्यांत ते ड्रममध्येच दाबून बसवलेलं असतं आणि मग हिशोब बदलतो. चॅसिस नंबर घेऊन जा, मारुतीच्या स्पेअर काउंटरवर त्यावरून बरोबर पार्ट काढून देतात.

सिलिंडर पूर्ण बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आपल्या कोकणातल्या दमट हवेत तर विचारूच नका, त्या पाण्याने सिलिंडरच्या आत गंज धरतो आणि खड्डे पडलेल्या बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भोकात) नवीन रबर टिकत नाही, परत गळतंच. जुना सिलिंडर सोबत नेऊन बोअर आणि पाइपचे आटे जुळवून घ्या. पांढरं खोकं विसरा, बाकी तिघांपैकी कुठलाही शू चालेल.

प्रतिसाद:
वरच्यांशी जवळपास सगळ्यात सहमत, फक्त उजवा सिलिंडर कोरडा आहे तर तो उघडून बोअर बघा, आरशासारखा गुळगुळीत असेल तर किटवर भागतं, आमच्या अल्टोला तसं केलंय आणि व्यवस्थित चालू आहे. मात्र रबराला ग्रीस, डिझेल, इंजिन ऑइल काही लागता कामा नये, रबर फुगून सिलिंडर जाम होतो, ब्रेक ऑइलच लावायचं. आणि कॉम्प्रेसरच्या हवेने ड्रममधली धूळ उडवू देऊ नका, ती छातीत जाते, ओल्या फडक्याने पुसायला सांगा.

ताई (धागा काढणारी):
खूप आभार दोघांचेही. ड्रम जोडी, चारही शू आणि डावा सिलिंडर नवीन घ्यायचं ठरवलंय, उजवा उघडून बघू आणि जराही शंका आली तर तोही बदलणार. मेकॅनिक ड्रम काढताना हातोडी मारत होता ते बघवत नव्हतं, दुसरा मार्ग आहे का? आणि हँडब्रेकची केबल कधी ताणायची, आधी की नंतर?

प्रतिसाद:
ड्रमला आटे पाडलेली दोन भोकं असतील तर त्यात ८ मिमी जाडीचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे पिळले की ड्रम आपोआप बाहेर येतो. त्याआधी हँडब्रेक खाली आणि केबल सैल. केबल सगळ्यात शेवटी, आधी शू बसवा, नवीन डॉट ३ ब्रेक ऑइल टाकून पाइपातली सगळी हवा काढा, पेडल बऱ्याचदा दाबून ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर राखणारा) आपली जागा घेऊ द्या, मगच केबल. उलटं केलं तर शू कायम घासत राहतात आणि ड्रम तापतो. काम झाल्यावर थोडे दिवस चिपळूणातल्या चिपळूणात हळू ब्रेक मारत चालवा, शू ड्रमला बसले की हँडब्रेक एकदा परत बघून घ्या आणि मग आईंना घेऊन कराडला जा.