ह्यूस्टनजवळच्या केटीतला ‘केटी कट्टा’ ग्रुप: गटारी, गुलाबी तंगड्या आणि चौथा प्रोब

गुरुवार

शुभा: नमस्कार मंडळी 🙏 शनिवारच्या गटारीबद्दल स्पष्टच बोलते, कुणी राग मानू नये. गेल्या वेळी तळ्याकाठी जेवलो तेव्हा तंगड्या हाडापाशी गुलाबी होत्या. त्याच रात्री आमच्या धाकट्याला उलट्या. मी कुणाचं नाव घेत नाहीये. पण यंदा थर्मामीटरवर १६५ फॅरेनहाइट दाखवल्याशिवाय मुलांच्या ताटात चिकन वाढायचं नाही.

मिलिंददादा: नाव कशाला घ्यायला हवं? धुरावर मांस भाजायचा स्मोकर एकाच घरी आहे.

शुभा: तसं नाही हो दादा.

प्रसाद: तसंच आहे 😂

मिलिंददादा: हे मागच्या दिवाळीतही सांगून झालंय. इथल्या कोंबड्या कोवळ्या असतात. हाडातल्या मगजाचा रंग शिजताना बाहेरच्या मांसात उतरतो. त्यात धुरातल्या वायूमुळे मांसाला गुलाबी छटा येते ती वेगळीच. इथलं अमेरिकेचं कृषी खातंसुद्धा म्हणतं की रंगावरून ठरवू नका, तापमान बघा. त्या दिवशी तंगडीत १७८ होतं. एकशे अठ्ठ्याहत्तर.

शुभा: कुठे होतं? तुमच्या फोनवर मी स्वतः बघितलं, ‘संपर्क तुटला’ असं येत होतं. तुम्ही फोन हलवत अंगणात फिरत होता.

वैशाली वहिनी: तो घरातही तसाच फिरतो.

अमित (नवीन घर): दादा, त्याचं कारण सोपं आहे. प्रोब (थर्मामीटरची सळई) ब्लूटूथवर चालतो आणि त्याचा सिग्नल मुळातच नाजूक. एक तर तो मांसात खुपसलेला, आणि मांसातलं पाणी सिग्नल खातं. वर स्मोकरचं जाड लोखंडी झाकण. दहा मीटर असं खोक्यावर लिहिलेलं असतं, ते मोकळ्या मैदानातलं. ज्या सेटच्या चार्जरमध्येच सिग्नल पुढे पाठवणारा रिपीटर असतो, तो चार्जर स्मोकरच्या शेजारी ठेवायचा. फोन मग कुठेही चालतो.

मिलिंददादा: चार्जर कुठे ठेवायचा ते माहीत आहे मला. आधी चार्जर माझ्याकडे यायला तर हवा.

प्रसाद: 👀

नेने काका: नमस्कार. संपर्क तुटणे व तापमान चुकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ३४ वर्षे रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशन केले, म्हणून सांगतो. कुठलेही उपकरण वापरण्यापूर्वी तपासावे. ग्लासभर चुरलेला बर्फ, फटी भरतील इतकेच पाणी, ढवळून प्रोबचे टोक मधोमध धरावे. ३२ आले पाहिजे. उकळत्या पाण्यात २१२. अर्थात हे आपल्याकडे, ह्यूस्टन समुद्रसपाटीला म्हणून. पुण्यात पाणी ९८ सेल्सियसच्या आसपासच उकळते.

प्रसाद: पुण्यात पाण्यालासुद्धा लवकर उकळी फुटते. तरीच.

नेने काका: याचा पुण्याशी संबंध नाही, उंचीशी आहे.

प्रसाद: तेच ते काका 🙏

शुभा: विषय भरकटतोय. १६५ दाखवल्याशिवाय मुलांच्या ताटात चिकन नाही.

मिलिंददादा: दाखवू. पण कशावर? वर्गणीतून घेतलेला चार प्रोबचा सेट जूनपासून रेवतीकडे आहे.

रेवती: दादा, तो मी केव्हाच परत दिला. वहिनींच्याच हातात दिला.

वैशाली वहिनी: डबी दिलीस गं. उघडून बघितली आज. तीन चालतात. चौथा चार्जच होत नाही.

रेवती: आमच्याकडे होता तेव्हा चालत होता. आम्ही फक्त धुतला. हाताने. डिशवॉशरमध्येही नाही.

वैशाली वहिनी: मी काही म्हटलं का?

गौरी: धुण्यावरून आठवलं. मागे कच्च्या कोंबडीतून काढलेला प्रोब तसाच माझ्या पनीरला टोचला होता. मी तेव्हा बोलले नाही.

मिलिंददादा: पुसला होता.

गौरी: कशाने? नॅपकिनने? आणि पनीरचं तापमान बघायचंच कशाला, दादा?

प्रसाद: पनीर आजारी होतं 🤒

गौरी: तुम्हाला हसायला काय जातंय. यंदा व्हेज ग्रिल वेगळी, चिमटा वेगळा, प्रोब तर नकोच.

मिलिंददादा: मान्य. कच्च्यातून निघालेला प्रोब साबणाच्या गरम पाण्याने धुतल्याशिवाय दुसरीकडे जाणार नाही. तो नियम पनीरसाठीच नाही, शिजलेल्या चिकनसाठीही आहे. कच्च्यात घातलेलं टोक शिजलेल्यात घातलं की मग १६५ ला काय अर्थ?

माई (रेवतीची आई): सर्वांना नमस्कार. मी रेवतीची आई, कोल्हापूरहून आलेय. ती सळई ना, आम्ही मटण शिजलं का बघायला त्या विजेच्या कुकरात मटणाच्या तुकड्यात खोचून ठेवली होती. झाकण लावल्यावर फोनवर काहीच दिसेना. त्या कुकराला शिट्टीही नाही, मग माणसाला कळायचं कसं? मटण मात्र लोण्यासारखं झालं होतं.

रेवतीने हा संदेश हटवला.

प्रसाद: मी वाचला.

प्रसाद: माई, तुम्ही ग्रुपवर रोज लिहीत जा.

रेवती: आई, खाली ये जरा.

नेने काका: आता कारण स्पष्ट झाले. या प्रकारच्या प्रोबमध्ये बॅटरी व सर्किट मांसात जाणाऱ्या भागातच असतात. तो भाग साधारण १०० सेल्सियसपर्यंत तग धरतो. मांसात पाणी असते, त्यामुळे उघड्यावर भाजताना आतले तापमान त्यापलीकडे जात नाही. बाहेर राहणारे टोक सिरॅमिकचे, ते बरेच अधिक सोसते. प्रेशर कुकरचे तत्त्वच हे की आतले पाणी शंभराच्या वर तापवायचे. विजेच्या कुकरात ११५, गॅसवरच्या आपल्या कुकरात १२० पर्यंत. तेथे बॅटरी जगणे अशक्य. शिवाय बंद स्टीलच्या भांड्यातून सिग्नल येणार कसा?

अमित (नवीन घर): म्हणूनच प्रोबवर रेघ असते. त्या रेघेपर्यंत तो मांसात जायलाच हवा. अर्धवट खोचला तर बॅटरीचा भाग उघड्या धगीत राहतो आणि असाच मरतो.

रेवती: माहिती पत्रकात कुकरबद्दल काही नव्हतं.

वैशाली वहिनी: बरं.

(बराच वेळ कुणीच नाही)

प्रसाद: गटारीला कोळंबी आहे का?

शुभा: कोळंबीचं नंतर. माझा मुद्दा परत टाकते, बऱ्याच जणांनी वाचलेला दिसत नाही. १६५ दाखवल्याशिवाय मुलांच्या ताटात चिकन वाढायचं नाही.

डॉ. अनघा: आत्ता ड्यूटीवरून आले, सगळं वाचलं. शुभा, १६५ बद्दल तुझं बरोबर आहे, कोंबडीसाठी तोच आकडा. पण त्या रात्रीच्या उलट्यांचं थोडं वेगळं वाटतं. कच्च्या कोंबडीतल्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूचा त्रास सहसा दोन ते पाच दिवसांनी होतो आणि मुख्यतः जुलाब होतात. जेवल्यावर काही तासांतच नुसत्या उलट्या म्हणजे बहुतेकदा उन्हात राहिलेल्या पदार्थातलं स्टॅफ जंतूचं विष. ते नंतर गरम केलं तरी जात नाही. बाहेर नव्वदच्या वर असेल तर अन्न एका तासापेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नये. त्या दिवशी ९८ होतं.

प्रसाद: उन्हात काय काय होतं आठवा बरं.

वैशाली वहिनी: माझी चटणी गाडीत बर्फाच्या पेटीत होती.

गौरी: पनीर तर लगेच संपलं.

प्रसाद: मग राहिले दहीवडे.

शुभा: दहीवडे बर्फावर होते.

प्रसाद: बर्फ होता तोवर होते.

शुभा: अनघा, तू तपासलं नव्हतंस त्याला, म्हणून विचारते, नक्की सांगता येतं का असं?

डॉ. अनघा: नक्की नाही गं, शक्यता सांगितली. तेव्हा लगेच फोन करायला हवा होतास.

शुभा: ठीक. तरी चिकन १६५.

मिलिंददादा: मला कुणी विचारत नाही म्हणून स्वतःच सांगतो. मी १६५ वर काढतच नाही. मांडी आणि तंगडी १७५ ते १८० वर चांगली लागते, त्याआधी हाडाला चिकटून राहते. आणि २२५ च्या मंद धुरात चिकनची कातडी रबरासारखी होते. म्हणून शेवटी आच ३२५ करतो. म्हणजे मी आधीपासूनच तुझ्या आकड्याच्या वर आहे, शुभा.

शुभा: सगळ्या तंगड्या?

मिलिंददादा: म्हणजे?

शुभा: प्रोब एका तंगडीत होता. ग्रिलवर चाळीस होत्या. एक १७८ म्हणून सगळ्या १७८? चिमणीकडच्या आणि आगीजवळच्या सारख्याच शिजतात?

नेने काका: प्रश्न रास्त आहे.

मिलिंददादा: 🙂

अमित (नवीन घर): आणि खरं तर तंगडीत तो प्रोब बसतच नाही. जाड असतो, रेघेपर्यंत घालायला मांस कमी पडतं, टोक हाडाला टेकतं. हाडाला टेकलं की आकडा भरवशाचा राहत नाही. ही वस्तू मोठ्या तुकड्यासाठी आहे, टर्की, पोर्क शोल्डर, ब्रिस्केट

नेने काका: तो गोमांसाचा शब्द ग्रुपवर नको, असे मार्चमध्ये ठरले आहे.

अमित (नवीन घर): सॉरी काका, मी नवीन आहे.

मिलिंददादा: रान म्हण. हिलक्रॉफ्टच्या खाटकाकडून बकऱ्याच्या दोन राना सांगून ठेवल्यात. वायरलेस प्रोब तिथे घालू. पहाटे पाचला पोस्ट ओकची लाकडं पेटवतो.

नेने काका: धुराबद्दल एचओएचे (वसाहतीच्या घरमालक संघाचे) पत्र आले होते, याची आठवण असावी. समितीत मला उत्तरे द्यावी लागतात.

मिलिंददादा: ते पत्र त्या वेळच्या ओल्या मेस्किट लाकडामुळे आलं. वाळलेल्या ओकचा धूर निळसर, पातळ असतो. शेजाऱ्यांना वाससुद्धा आवडतो.

नेने काका: पत्र शेजाऱ्यांनीच लिहिले होते.

माई (रेवतीची आई): रान किती वेळ ठेवणार?

मिलिंददादा: माई, सरकारी हिशेबाने बकऱ्याच्या अख्ख्या तुकड्याला १४५ आणि वर तीन मिनिटं थांबलं तरी चालतं. पण ते खाल्लं तर दात दुखतील. आतले चिवट धागे विरघळून त्यांचं जिलेटिन व्हायला २०० च्या जवळ न्यावं लागतं, तेही सावकाश. सात-आठ तास धरा.

वैशाली वहिनी: दहा धरा. गेल्या वर्षी १५८ वर अडकलं होतं. हा फोन धरून खुर्चीत, लोक चिवड्यावर. साडेदहाला जेवलो.

मिलिंददादा: ते अडकणं असतंच! मांसातून घामासारखं पाणी निघतं, ते उडताना मांस गार ठेवतं. आच देत राहिलं तरी काटा तासन् तास हलत नाही. सगळ्यांचंच होतं. यंदा १६० ला आलं की फॉइलमध्ये गुंडाळतो, मग पाणी उडायला जागा नाही, काटा पुढे सरकतो. मांसाची वरची कडक साल जरा मऊ पडते, पण तुम्हाला वेळेवर जेवायचंय.

प्रसाद: आम्हाला नुसतं जेवायचंय.

नेने काका: आणि ॲपमध्ये ‘आणखी ४० मिनिटे’ असे जे येते, त्यावर पाहुण्यांना वेळ देऊ नये. ते आजवरच्या चढावरून काढलेले अनुमान असते. काटा अडकला की ती ४० मिनिटे तशीच राहतात.

वैशाली वहिनी: काका, हे तुम्ही गेल्या वर्षी का नाही सांगितलंत.

शुक्रवार

नेने काका: सुप्रभात 🌷 हसत राहा, निरोगी राहा.

शुभा: सुप्रभात काका. तंगड्यांचं ठरलं नाही अजून.

नेने काका: माझ्याकडे हातात धरायचे झटपट थर्मामीटर आहे. वायर नाही, ब्लूटूथ नाही, ॲप नाही. टोक टोचले की दोन-तीन सेकंदांत आकडा. काल रात्री बर्फात तपासले, ३२.२. ते आणतो. प्रत्येक तंगडीच्या जाड भागात, हाड टाळून, एकेकदा.

मिलिंददादा: चाळीस तंगड्या एकेक टोचत बसू? झाकण उघडं राहिलं की आच पडते.

शुभा: मी टोचते. सगळ्या.

मिलिंददादा: धगीपाशी? जुलैत?

शुभा: हो.

मिलिंददादा: मग एकावेळी झाकण फार उघडायचं नाही. आगीपासून लांबच्या आधी बघायच्या, त्या मागे राहतात. १७० च्या खाली असेल ती आगीकडे सरकवायची. आणि माझ्या फायरबॉक्सला हात लावायचा नाही.

शुभा: आकडे ग्रुपवर टाकू का?

प्रसाद: नको 🙏🙏

मिलिंददादा: नको.

गौरी: नको गं बाई.

रेवती: वहिनी, चौथ्या प्रोबचे किती झाले सांगा. मी पाठवते.

वैशाली वहिनी: अगं राहू दे. वापरायचीच वस्तू.

वैशाली वहिनी: फक्त चौकशी केली तर ते एकटा प्रोब विकत नाहीत म्हणे. सेटच घ्यावा लागतो.

रेवती: सेटचे पाठवते.

वैशाली वहिनी: तसं नाही गं.

डॉ. अनघा: वर्गणीतून घ्या ना, सगळेच वापरतात.

गौरी: सगळे नाही.

माई (रेवतीची आई): मी तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्से करून आणते. किती माणसं?

प्रसाद: माई, पंचवीस मोठी, अकरा मुलं. मुलांना पांढरा.

मिलिंददादा: गाड्या रस्त्याच्या एकाच बाजूला लावा, कचऱ्याच्या डब्यांसमोर नको. जेवण सातला.

वैशाली वहिनी: आठला या.