मदत हवी आहे: स्लीव्ह सर्जरीनंतर वजन परत वाढतंय, खाण्यात काय बदलू?

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

वय ४४, उंची ५ फूट २, डोंबिवली ते फोर्ट रोजची लोकल. फेब्रुवारी २०२१ मध्ये स्लीव्ह केली. यात जठराचा पाऊण भागाहून जास्त काढून टाकतात आणि केळ्यासारखी नळी ठेवतात. तेव्हा वजन ११६ होतं, दीड वर्षात ७४ वर आलं. शुगरची गोळी सुटली. स्टेशनचा जिना मध्ये न थांबता चढले त्या दिवशी घरी फोन करून सांगितलं होतं. आता काटा ८५ दाखवतोय. त्यातले ६ किलो गेल्या आठ महिन्यांतले, सासूबाईंचं आजारपण सुरू झाल्यापासूनचे.

मला न सुटणारं कोडं असं, की पोट अजून लहानच आहे. अर्ध्या पोळीच्या वर जात नाही. घाईत खाल्ली तर छातीत अडते आणि बेसिन गाठावं लागतं. मग वजन येतंय कुठून?

कालचा दिवस खरा खरा लिहिते. सकाळी चहा, दोन खारी. ऑफिसात चहा. डब्यात अर्धी पोळी, भाजी, दोन घास भात-वरण, सोबत ग्लासभर पाणी (नाहीतर उतरत नाही). चारला चहा, परत दोन खारी. गाडीत मूठभर शेंगदाणे. घरी आल्यावर चहा, चिवडा. रात्री अर्धी वाटी वरण-भात. साडेदहाला सासूबाईंना औषध देताना अजून एक चहा. सगळे दोन चमचे साखरेचे.

सर्जरी झाली तिथे फोन केला. तिथली जुनी डाएटिशियन सोडून गेलीय. नवीन मुलीने फाइल न बघताच "पाच दिवस लिक्विडवर राहा, पोट रिसेट होईल" म्हणून ठेवून दिला. खरंच होतं का असं? ज्यांनी यातून वजन परत आटोक्यात आणलंय त्यांनी कृपया लिहा. मासे-अंडी चालतात, श्रावण सोडून.

पाटावरवंटा: ताई, रागावू नका, पण एवढे लाखो रुपये घालवून परत खारी? मनावर ताबा हवा. रोज दहा हजार पावलं चाला, सगळं उतरेल.

धागाकर्ती: रागावले नाही. डोंबिवली स्टेशनवर या एकदा सकाळी आठ-अकराच्या फास्टला, पावलं मोजू.

मीठभाकर: माझी बायपास (हृदयाची नाही, वजनासाठीची जठराची), २०१८ ची. ९ किलो परत आले होते, ७ घालवले. पहिलं म्हणजे अपराधी वाटून घेऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर थोडं वजन बहुतेकांचं परत येतं. दुसरं, तुमचं कोडं तुम्हीच सोडवून ठेवलंय. पोळी अडते आणि खारी सुरकन जाते. खारी, चिवडा, बिस्किटं, चहात बुडवलं की सगळ्याचा लगदा होतो आणि त्या नळीतून घसरत खाली जातो. पोट भरल्याचा निरोपच येत नाही. घट्ट, चावायला लागणारं अन्न थांबतं, म्हणून ते नकोसं वाटतं. आपण नकळत जे अडत नाही तेच खायला लागतो. मी दोन वर्षं टोस्टवर काढलीत.

जेवताना पाणीही त्यातलंच. अन्न धुऊन पुढे ढकलतं, तासाभरात परत भूक. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबा. पाण्याशिवाय घास उतरत नसेल तर घास मोठा आहे, नाहीतर वेग जास्त आहे. मी चहाच्या चमच्याने जेवतो. लग्नात लोक बघतात, बघू देत.

ओली_हळद: मी आहारतज्ज्ञ आहे. तुमची फाइल पाहिलेली नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

पाच दिवसांच्या लिक्विडने पोट 'रिसेट' होत नाही. पाणी आणि थोडं वजन उतरतं, सहाव्या दिवशी खारी दुप्पट गोड लागते.

तुमच्या कालच्या दिवसात प्रथिनं जेमतेम ३० ग्रॅम आहेत. स्लीव्हनंतर साधारण ६० ते ८० लागतात. उलट पाच चहांतली दहा चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम, १६० कॅलरी, दूध वेगळंच. म्हणून ताटातला क्रम बदला. आधी अंडं, मासा, पनीर किंवा उसळ, मग भाजी, जागा उरली तर पोळी-भात. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९-१०, वाटीभर घट्ट मुगाच्या उसळीत ७-८. बांगड्याचा बेताचा तुकडा याहून भारी. पातळ वरणावर भिस्त ठेवू नका, त्यात पाणीच जास्त. दिवसाचे तीन-चार ठरलेले खाण्याचे वेळ, अधेमधे तोंड हलवायचं नाही. शेंगदाणे वाईट नाहीत, पण गाडीत मोजून कोणी खात नाही.

आणि रक्त तपासा: बी१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, सोबत थायरॉइड. सर्जरीनंतरच्या व्हिटॅमिन-लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना? लोहाची गोळी चहासोबत नको, आणि कॅल्शियमपासून दोन तास लांब.

धागाकर्ती: गोळ्या... मागच्या दिवाळीपासून बंद आहेत. केस गळतायत ते वयामुळे वाटलं.

ओली_हळद: वयाला दोष देण्याआधी रिपोर्ट काढा. या गोळ्या आयुष्यभराच्या असतात. छातीत अडणं, उलटी किंवा जळजळ वारंवार होत असेल तर सर्जनला दाखवाच, कधी कधी नळी अरुंद झालेली असते. ते आहाराने सुटत नाही.

चकली_कुरकुरीत: माझ्या भावाने मौंजारो (भूक कमी करणारं वजनाचं इंजेक्शन) घेतलं, सरसर उतरलं. घेऊन टाका.

मीठभाकर: सर्जरीनंतर वजन परत आलं तर डॉक्टर ही इंजेक्शनं देतातही. पण त्यांनी ठरवायचं. आधीच ३० ग्रॅम प्रथिनांवर असलेल्या बाईची भूक अजून मारली तर काय उरेल?

धागाकर्ती: तीन आठवड्यांनी येतेय. बी१२ आणि फेरिटिन दोन्ही तळाला, गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू. सर्जननी दुर्बीण केली, नळी ठीक आहे, माझा वेगच नडत होता. चहा दोनवर, साखर अर्धा चमचा. खारीचा डबा शेजारी दिला. वजन ८३.८. सकाळी दोन अंडी संपवायला वीस मिनिटं लागतात, एक गाडी उशिराची पकडते.

एक अडचण आहे. परवा संकष्टी, आणि आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी ठरलेली. काय करू?

ओली_हळद: साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, आणि तोही घसरणाराच. चक्का किंवा पनीर आधी, मग दोन-तीन चमचे भगर आणि दाण्याची आमटी. पनीर उपासाला चालतं का तुमच्याकडे?

धागाकर्ती: सासूबाईंना विचारलं. "दुधाचंच ना ते? मग खा की," म्हणाल्या. आणि खिचडी त्यांच्यासाठी वाटीभर करायला सांगितलीय.